बोगदा, टोल आणि अठ्ठावन्न वर्षे

अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यात एलिझाबेथ नावाची नदी आहे. तिच्या एका काठावर नॉरफोक, दुसऱ्या काठावर पोर्ट्समथ. नॉरफोक मोठे, जगातला सर्वांत मोठा नाविक तळ तिथे आहे. पोर्ट्समथ लहान, लाखाच्या आतबाहेर वस्तीचे, आणि त्या वस्तीत निम्म्याहून अधिक माणसे कृष्णवर्णीय. युद्धनौका दुरुस्त करणारी जुनी सरकारी गोदी पोर्ट्समथच्या हद्दीत आहे. पण ती केंद्र सरकारची असल्याने तिच्या जमिनीवर नगरपालिकेला मालमत्ता कर मिळत नाही. कामाला, इस्पितळात, कॉलेजात जायचे तर बहुतेकांना नदी ओलांडावीच लागते. युद्धनौकांच्या वाटेवर पूल आडवा नको म्हणून इथे नदीच्या तळाखालून बोगदे काढले आहेत. पहिला १९५२ साली झाला, दुसरा १९६२ साली. त्यांवर टोल होता आणि १९८०च्या दशकात तो उठला.

१ फेब्रुवारी २०१४ रोजी या दोन्ही जुन्या बोगद्यांवर पुन्हा टोल बसला. कारण सांगण्यात आले की शेजारी नवा बोगदा बांधला जात आहे. तो नवा बोगदा वाहतुकीस खुला झाला जून २०१६ मध्ये. म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लोक जुन्या बोगद्यातून जात होते आणि अजून अस्तित्वात नसलेल्या बोगद्याचे पैसे देत होते.

अमेरिकेतल्या एका गावाच्या टोलाची कथा या पानांवर कशाला, असे कोणी विचारील. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच मुळी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडून घेतले. त्यांच्या दुःखाशी असलेले नाते आपण तेव्हापासून मानत आलो आहोत. परंतु नाते मानणे निराळे आणि ते शोषण आज कोणत्या यंत्रणेतून चालते हे समजून घेणे निराळे. आज त्या समाजाच्या दारात पोलिसाचा दंडुका जसा येतो, तसा पाचशे पानांचा करारही येतो. दंडुका दिसतो. करार दिसत नाही, आणि आपल्याकडचे कार्यकर्तेही करार वाचण्याचे काम वकिलांवर सोडून मोकळे होतात. म्हणून हा खटाटोप.

आधी गरज खरी होती की नव्हती, ते सांगितले पाहिजे. होती. १९६२चा बोगदा म्हणजे एकच नळी. येणारी आणि जाणारी वाहने त्याच नळीतून, एकेका पदराने. तासन्‌तास खोळंबा व्हायचा. नवी नळी ज्या पद्धतीने झाली तीही पाहण्यासारखी आहे. नदीखाली खडक पोखरून हा बोगदा काढलेला नाही. काँक्रीटच्या अकरा प्रचंड पेट्या, प्रत्येकी सुमारे सोळा हजार टनांची, बाल्टिमोरजवळच्या एका कोरड्या गोदीत ओतल्या. त्यांची तोंडे बंद करून गोदीत पाणी सोडले, तशा त्या तरंगू लागल्या. मग चेसापीकच्या उपसागरातून ओढत त्या नॉरफोकला आणल्या आणि नदीच्या तळात खणलेल्या चरात एकेक करून बुडवून जोडल्या. मजुरांनी आणि अभियंत्यांनी काम चोख केले, याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती पैशाची मांडणी कशी केली याबद्दल.

व्हर्जिनियात १९९५ साली एक कायदा झाला. त्यानुसार खाजगी कंपनीने रस्ता बांधावा, ठराविक वर्षे टोल घ्यावा आणि मुदत संपल्यावर रस्ता राज्याला परत करावा, अशी सोय झाली. आपल्याकडे यालाच ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ म्हणतात. नाक्यावरच्या भाषेत बी.ओ.टी. या कायद्याखाली डिसेंबर २०११ मध्ये राज्य सरकारने एका खाजगी कंपनीशी करार केला. कंपनीचे मालक दोन होते : स्कान्स्का ही स्वीडनची बांधकाम कंपनी आणि मॅक्वायरी ही ऑस्ट्रेलियाची वित्तसंस्था. नवी नळी बांधायची, जुने बोगदे दुरुस्त करायचे, पोर्ट्समथमधला एक महामार्ग वाढवायचा आणि अठ्ठावन्न वर्षे टोल घ्यायचा. एकूण खर्च सुमारे २१० कोटी डॉलर.

आता या २१० कोटींत खाजगी किती ते पाहू. केंद्र सरकारने स्वस्त व्याजाने कर्ज दिले, ४२ कोटींहून अधिक. करमाफी असलेले कर्जरोखे विकून सुमारे ६६ कोटी उभे केले. त्या करमाफीचा भार पुन्हा सरकारी तिजोरीवरच. राज्य सरकारने स्वतःचे ३० कोटींहून अधिक रोख घातले. बांधकाम चालू असताना जुन्या बोगद्यांवर जमणारा टोल, तोही भांडवलाच्या हिशेबात धरला होता. कंपनीचे स्वतःचे भागभांडवल होते सुमारे २७ कोटी डॉलर. म्हणजे रुपयातले दोन आणे. ज्याचे दोन आणे, त्याच्या हाती किल्ली. आणि कामाचे नाव ‘खाजगी भांडवलातून उभारलेला प्रकल्प’.

सरकारने स्वतःच कर्ज का काढले नाही, हा प्रश्न इथे साहजिकच पडतो. सरकार कर्ज काढते तेव्हा ते सरकारच्या वहीत दिसते, कर वाढवावा लागतो, आणि कर वाढवणारा मंत्री निवडणुकीत पडतो. कंपनीने काढलेले कर्ज वहीत दिसत नाही. ते फेडायचे असते त्याच लोकांनी, रोज सकाळ-संध्याकाळ थोडे थोडे. अमेरिकेत काय नि आपल्याकडे काय, या पद्धतीचे सगळ्यांत मोठे आकर्षण राज्यकर्त्यांना हेच वाटते. नवी नळी उद्घाटनाला मिळते, आणि कर वाढवल्याचे पाप माथी येत नाही.

करारातले दर पाहा. गर्दीच्या वेळी मोटारीला एका फेरीस १.८४ डॉलर, एरवी १.५९. त्या वेळी व्हर्जिनियात किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर होते. पोर्ट्समथहून नॉरफोकला इस्पितळात लादी पुसायला जाणाऱ्या बाईची जाऊन-येऊन अर्ध्या तासाची मजुरी रोज त्या बोगद्यात जाणार होती. बोंबाबोंब झाली. नवे गव्हर्नर मॅकॉलिफ यांनी करारावर जाहीर टीका केली आणि आरंभीचे दर १ डॉलर व ७५ सेंट इतके खाली आणले. पण आणले कसे? कंपनीला सुमारे ८ कोटी डॉलर सरकारी तिजोरीतून देऊन. दर पुढे टप्प्याटप्प्याने चढायचेच होते. वाढवलेल्या महामार्गावरचा टोलही २०१५ मध्ये असाच कंपनीला पैसे मोजून काढला. त्या महामार्गाचे नाव मार्टिन ल्यूथर किंग यांचे. ज्याने बसमधल्या जागेसाठी एक अख्खे शहर वर्षभर पायी चालवले, त्याच्या नावाच्या रस्त्यावर टोल बसवण्याची कल्पना ज्याला सुचली असेल त्याच्या निबरपणाला तोड नाही.

या करारातली सर्वांत महत्त्वाची ओळ दरवाढीची आहे. दरवर्षी साडेतीन टक्के अथवा महागाईचा निर्देशांक, दोहोंपैकी जे जास्त असेल त्या प्रमाणात टोल वाढवता येतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण साडेतीन टक्क्यांनी रक्कम वीस वर्षांत दुप्पट होते, आणि २०१६ पासून २०७० पर्यंत धरली तर सहापटीच्या वर जाते. महागाई कमी झाली तरी टोल थांबत नाही. महागाई वाढली तर टोलही तिच्याबरोबर वाढतो. मजुरीच्या बाबतीत असा करार जगात कोणत्या कामगार संघटनेला मिळाला आहे? शिवाय सरकारने जवळपास नवा मार्ग काढून कंपनीचे गिऱ्हाईक तोडले तर भरपाई मागण्याची तरतूद आहे. म्हणजे पुढच्या दोन पिढ्यांत निवडून येणाऱ्या सरकारांचे हात २०११ सालच्या एका सरकारने बांधून ठेवले. २०२० साली मूळच्या दोन्ही कंपन्यांनी आपला हिस्सा विकला. स्पेनची आबेर्टिस आणि कॅनडाची मॅन्युलाइफ आता मालक आहेत. करार तोच राहिला, लोकही तेच राहिले.

इथे टोलनाका म्हणून काही नाही, हेही समजून घेतले पाहिजे. वर कमान, कमानीवर कॅमेरे. गाडीत पास बसवलेला असेल तर पैसे खात्यातून वळते होतात. नसेल तर पाटीचा फोटो काढून बिल घरी येते, आणि त्याचा दर बराच जास्त. ज्याचे बँकेत खाते नाही, ज्याचा पत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्याच्याकडे पास नसतो आणि बिलही वेळेवर पोचत नाही. मग दंड, दंडावर खर्च, आणि शेवटी गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण अडते. मूळ टोल काही डॉलरांचा असतो, मागणी हजारोंच्या घरात जाते. गरीब माणूस जास्त देतो, तो कायद्यात तसे लिहिले आहे म्हणून नाही. गरिबीमुळे जी साधने त्याच्याजवळ नसतात, त्या साधनांवरच स्वस्त दर बेतलेला असतो म्हणून. २०१७ पासून वर्षाला तीस हजार डॉलरांखाली उत्पन्न असलेल्यांना सवलत मिळू लागली : महिन्यात किमान आठ फेऱ्या केल्या तर फेरीमागे ७५ सेंट परत. कंपनीचा वाटा वर्षाला पाच लाख डॉलर. नंतरच्या वर्षांत सरकारी मदतीने ही सवलत वाढली, ते बरेच झाले. पण त्यासाठीही अर्ज आणि उत्पन्नाचा पुरावा लागतो. दाखल्यांसाठी तहसील कचेरीच्या खेपा घातलेल्या माणसाला यातली मेख सांगावी लागणार नाही.

लोक कोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की कर बसवण्याचा अधिकार विधिमंडळाचा. तो खाजगी कंपनीला देता येत नाही. आणि जो माणूस फक्त १९५२च्या बोगद्यातून जातो त्याच्याकडून दुसऱ्या, नव्या बोगद्याचे पैसे घेणे हा करच आहे. मे २०१३ मध्ये पोर्ट्समथच्या न्यायाधीशांनी हे मान्य केले. ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. न्यायालय म्हणाले, हे बोगदे मिळून एकच जाळे आहे, एकाची कोंडी सुटली की दुसऱ्याचीही सुटते. म्हणून हा कर नव्हे, हे वापरशुल्क आहे. वापरणारा स्वखुशीने वापरतो आणि स्वखुशीने देतो.

सारा प्रश्न एका शब्दावर आला. असे शब्द आपल्या परिचयाचे आहेत. महाडच्या चवदार तळ्याचा खटला १९२७ पासून १९३७ पर्यंत चालला, तेव्हा स्पृश्यांच्या बाजूने पुढे केलेला एक मुद्दा असा होता की तळे सार्वजनिक नाहीच, ते खाजगी आहे. नगरपालिकेने ठराव केला होता, कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला होता; या साऱ्यावर उतारा म्हणून ‘खाजगी’ हा शब्द काढला गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना दहा वर्षे त्या शब्दाशीही झुंजावे लागले. मी टोलाची तुलना अस्पृश्यतेशी करीत नाही. तशी करणे हा त्या लढ्याचा अपमान होईल. टोल भरणाऱ्याला कोणी विटाळ मानत नाही. पण सार्वजनिक वस्तूवरचा हक्क केव्हा आणि कोणत्या शब्दाने आखडता घेतला जातो, हे ओळखण्याची नजर त्या लढ्याने आपल्याला दिली आहे, आणि ती इथे उपयोगी पडते. दुसरी वाट नसलेल्या माणसाने दिलेले पैसे स्वखुशीचे कसे, याचे उत्तर मला त्या निकालात सापडत नाही. पोर्ट्समथच्या धक्क्यावरून नॉरफोकला एक लहान प्रवासी नाव जाते. पण रात्रपाळी संपवून, मुलाला पाळणाघरातून उचलून घरी जाणाऱ्या बाईला ती नाव काय कामाची!

कंपनीचे समर्थक एक मुद्दा मांडतात, आणि तो टाळून चालणार नाही. ते म्हणतात, कंपनी धोका पत्करते. वाहने आली नाहीत तर ती बुडते, सरकार बुडत नाही. हे कधीकधी खरेही ठरते. सिडनी शहराच्या मध्यभागाखालून २.१ किलोमीटरचा ‘क्रॉस सिटी’ बोगदा ऑगस्ट २००५ मध्ये उघडला. रोज नव्वद हजारांच्या आसपास वाहने येतील असा अंदाज होता. आली तीस हजारांच्या आगेमागे. डिसेंबर २००६ मध्ये धनकोंनी रिसीव्हर नेमला. दुसऱ्याने विकत घेतला, २०१३ मध्ये तोही बुडाला. ब्रिस्बेनचा ‘क्लेम सेव्हन’ बोगदा मार्च २०१० मध्ये उघडला आणि वर्षाच्या आत त्याचीही तीच गत झाली. अंदाज इतके का चुकतात? कंत्राटासाठी चार जण बोली लावतात. ज्याचा वाहनांचा अंदाज सर्वांत फुगलेला, तोच सरकारला सर्वांत जास्त रक्कम देऊ करतो, आणि तोच जिंकतो. शहाणा अंदाज करणारा घरी जातो.

तर मग सिडनीच्या लोकांचे काही बिघडले नाही का? बिघडले. लोक बोगद्यात शिरावेत म्हणून वरचे फुकटचे रस्ते अरुंद केले गेले, काही वळणे बंद झाली. सरकारने बोली जिंकणाऱ्याकडून आगाऊ पैसे घेतले होते आणि त्या बदल्यात रस्त्यांची ही नाकेबंदी मान्य केली होती. लोक खवळले, संसदीय चौकशी झाली, काही रस्ते पुन्हा मोकळे केले गेले. कंपनीचा धोका म्हणतात तो असा : तोटा तिचा, पण तोटा टाळण्यासाठी लोकांच्या वाटा अडवण्याची मुभाही तिची.

आपल्या देशात धोक्याचा प्रश्न आणखी सोपा करून टाकला. दिल्ली आणि नोएडा यांना जोडणारा यमुनेवरचा टोलमार्ग, ज्याला डी.एन.डी. म्हणतात, २००१ साली सुरू झाला. खर्च सुमारे ४०० कोटी रुपये. १९९७च्या करारात लिहिले होते की कंपनीला एकूण प्रकल्प खर्चावर दरसाल वीस टक्के परतावा मिळेल, आणि एखाद्या वर्षी तेवढा मिळाला नाही तर राहिलेली रक्कम मुद्दलात मिळवली जाईल. खेड्यातल्या सावकाराची वही ज्याने पाहिली आहे त्याला यापुढचे सांगायला नको. टोल भरून देणे फिटण्याऐवजी वाढत गेले आणि काही वर्षांत हजारो कोटींवर पोचले. टोल कधी संपणारच नव्हता. २०१६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तो बंद केला आणि डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

कोल्हापूरची गोष्ट तर आपल्या घरची. राज्य रस्ते विकास महामंडळ, महापालिका आणि आय.आर.बी. कंपनी यांच्या करारातून शहरातलेच सुमारे पन्नास किलोमीटर रस्ते झाले. खर्च २२० कोटी, टोलाची मुदत तीस वर्षे. गावातल्या गावात जायला टोल, यावर एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांनी लोक उठवले. बंद झाले, प्रचंड मोर्चे निघाले, जानेवारी २०१४ मध्ये नाके जळाले. डिसेंबर २०१५ मध्ये सरकारने टोल रद्द केला. तो दिवस पाहायला पानसरे नव्हते. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या होत्या.

हा विजय मोठा आहे, पण त्याचा हिशेब पुरा वाचला पाहिजे. टोल गेला म्हणजे पैसे गेले नाहीत. कंपनीला कोट्यवधींची भरपाई सरकारने दिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोल माफ झाला; त्याचीही भरपाई सरकारच्याच माथी. सरकार म्हणजे काडेपेटीवरही कर भरणारा माणूस. ज्याच्याकडे मोटार नाही, जो मानखुर्दहून लोकलला लोंबकळत येतो, त्याने मोटारवाल्याचा टोल भरला, असाही याचा अर्थ होतो. म्हणून टोलविरोधी मोर्चात आपण जरूर जावे, पण मोटारमालकांच्या घोषणा जशाच्या तशा उचलू नयेत. टोल हवा की नको, यापेक्षा मागचा प्रश्न असा आहे की तोच पैसा बसला, लोकलला, पादचाऱ्याच्या वाटेला का मिळाला नाही. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर २००९ पासून दुचाकीला आणि रिक्षाला मज्जाव आहे. पायी चालणाऱ्याचा तर प्रश्नच नाही.

आणि सरकारी मालकी म्हणजे आपोआप न्याय, असेही मी म्हणत नाही. सेंट पॉल शहरातली राँडो ही कृष्णवर्णीयांची भरभराटलेली वस्ती, मायामीतली ओव्हरटाउन, या दोन्ही सरकारी पैशाच्या, टोल नसलेल्या महामार्गांनी चिरल्या. तिथे कंपनी नव्हती, नकाशावर रेघ ओढणारा सरकारी अभियंता होता. फरक एवढाच की सरकारला पाच वर्षांनी मतपेटीतून जाब विचारता येतो. अठ्ठावन्न वर्षांच्या कराराला तो विचारता येत नाही.

सध्या ठाणे ते बोरिवली असा जुळा बोगदा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून काढला जात आहे, आणि ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हकडे दुसरा. दोन्ही कामे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची आहेत, खाजगी मालकीची नाहीत. पण बांधून झालेली सार्वजनिक वस्तू पुढे भाडेपट्ट्याने देऊन एकरकमी पैसे उचलणे ही आता रूढ पद्धत आहे. मुंबईच्या प्रवेशनाक्यांची वसुली २०१० मध्ये सोळा वर्षांसाठी २१०० कोटींना अशीच दिली गेली होती. तेव्हा प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी माहितीच्या अधिकाराचा अर्ज आजच करावा. कर्ज किती आणि कोणाचे, फेड कशातून, टोल ठरला असेल तर दरवाढीचे सूत्र काय, शेजारचे फुकटचे रस्ते मोकळे राहतील असे कुठे लिहून दिले आहे का, बसला त्यातून जागा आहे का, आणि हे सारे कागद मराठीत मिळतील का. पोर्ट्समथच्या लोकांना त्यांच्या कराराचा खरा अर्थ कळला तो पहिले बिल घरी आल्यावर.